चंद्रावर हक्क कुणाचा

"चंद्र काय कुणाच्या बापाचा आहे? आधी पोचला म्हणून कुणी मालक होत नाही. तिथलं पाणी, खनिजं, सगळ्याचे नियम सगळ्या देशांनी मिळून ठरवायचे!" आपल्या देशातर्फे दादा आंतरराष्ट्रीय परिषद गाजवत होता. तळमजल्यावरच्या आमच्या अंधाऱ्या खोलीत टीव्हीसमोर आईचा ऊर भरून आला.

तो परतल्यावर मी वरच्या मजल्यावर त्याच्या घरी गेलो. "दादा, गच्चीची किल्ली दे. आईच्या हाडांना ऊन हवंय, डॉक्टर म्हणालेत. मी उचलून आणीन तिला."

"अरे, माझी बाग आहे तिथं. तुडवली जाईल."

"पण गच्ची बाबांनी दोघांना ठेवलीय ना?"

दादा हसला.



"वर आधी राहायला कोण आलं, तू की मी?"