टेबलावरची सात मतं

“सातच्या सात बाद?” बर्नाडीनने रिसीव्हर कानावर असा दाबला, जणू पलीकडची डोलोरेस त्यातून निसटून जाणार होती. “शुद्धीवर आहेस ना गं?”

“मी आहे. तू होतीस का, ते बघ,” डोलोरेस म्हणाली. ती चर्चमधली मैत्रीण. पक्षाने दिलेली बाद मतांची यादी घेऊन मतदानाच्या या दिवशी सकाळपासून फोन करत बसली होती. “तुमच्या घरच्या एकाही मतपत्रिकेला आतलं पाकीट नाही. आधी पांढऱ्या पाकिटात घालायचं, मग ते बाहेरच्या पाकिटात. आतलं पाकीट नसलं की मत बाद. आता आठच्या आत सगळ्यांना फायर ब्रिगेडच्या हॉलवर पाठव, तिथे दुसरी मतपत्रिका देतात. राज्याचा निकाल पुन्हा केसावर लटकलाय, बर्नी!”

बर्नाडीन मटकन खुर्चीत बसली. ती पांढरी पाकिटं तळघरात होती. शेपूच्या, टोमॅटोच्या बिया भरून. पाकिटात पाकीट, हा सरकारी उधळेपणा तिला बघवला नव्हता. कोरी करकरीत पाकिटं! खाणीच्या संपात तिच्या आईने दोऱ्याचे तुकडेसुद्धा गुंडाळून ठेवले होते. तिची लेक पाकिटं फेकणार होती होय!

आणि हे सगळं तिनेच घडवून आणलेलं. मागच्या निवडणुकीत तिचा उमेदवार थोडक्यात पडला होता, आणि तिच्या कोसीबा घराण्यातले निम्मे लोक “पाऊस होता”, “विसरलो” म्हणत घरी लोळत राहिले होते. यंदा ती कुणाला सुटू देणार नव्हती. सगळ्यांना टपालाने मतपत्रिका मागवायला लावल्या आणि एका रविवारी प्रार्थनेनंतर स्वतःच्या टेबलाशी बसवलं. नावापुढचा गोल काळा केल्याशिवाय ताटात पिरोगीची एक करंजीही पडणार नाही, असं बजावलं. हातात झारा घेऊन ती एकेकाच्या खांद्यावरून बघत फिरली.

“तो नव्हे, जेरोम, वरचा. डोळे आहेत की बटणं?”

नात केलीचं हे पहिलंच मत. तिने कोपराचा आडोसा केला होता. बर्नाडीनने तो कोपर बाजूला सारला. “आजीपासून काय लपवतेस? परीक्षेचा पेपर आहे का?”

सगळे हसले होते. केली सोडून.

बाहेर अंधार पडत होता. तिने मुलाला, जेरोमला, गोदामावर फोन लावला. “पोरा, काम टाक आणि हॉलवर पळ. तुझं मत बाद झालंय. चूक...” हा शब्द उभ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी वापरला नव्हता. “चूक माझी आहे.”

“जाऊन आलो, आई. सकाळीच, मी आणि शेरिल दोघंही.”

“माझं शहाणं बाळ ते!” तिचा जीव भांड्यात पडला. लगेच तिने लेकीला, रोझानला, पार्लरमध्ये फोनवर गाठलं.

“आम्हीपण जाऊन आलो, आई. मी, टॉम आणि केली. दुपारच्या सुट्टीत.”

“अगं, पण तुम्हाला कळलं कसं?”

“मोबाइलवर निवडणूक कचेरीचा निरोप आला होता. शुक्रवारी.”

तिच्याकडे मोबाइल नव्हता. भिंतीवरचा हा एकच फोन. शुक्रवारपासून आज मंगळवार. मधल्या रविवारी हेच सगळे याच टेबलाशी जेवले होते, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता.

“मला का नाही सांगितलंत?”

पलीकडे केस वाळवायचं यंत्र बंद झालं. मग रोझान हळूच म्हणाली, “सांगितलं असतं, तर तू परत सगळ्यांना टेबलाशी बसवलं असतंस.”

“रोझान. मत कुणाला दिलंस?”

“आई, गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावलाय, धुवायला हवा. ठेवते हं.”

बर्नाडीन फोन हातात धरून तशीच बसली. कानाखाली कुणीतरी भडकावल्यासारखं झालं होतं. मतं बाद होता होता वाचली होती, पण ती कुणाची, हे आता तिला ठाऊक नव्हतं. दारात तिचा नवरा चेट उभा होता. डोक्यावर टोपी, हातात गाडीची किल्ली. लग्न झाल्यापासून चेटच्या मनातलं तिला चेटच्या आधी कळायचं.

“तूही?” तिने विचारलं.

“मीही. आठ वाजले की हॉल बंद होतो, त्याआधी तुला न्यायचंच ठरवलं होतं. चल, कोट घाल.”

“चेट, कुणाला दिलंस?”

तो तिचा कोट धरून उभा राहिला.

हॉलच्या बाहेर रांग रस्त्यापर्यंत आली होती. आत एका बाईने बर्नाडीनला मतपत्रिका दिली आणि आडोशाकडे बोट केलं. ती सवयीने थबकली, चेटकडे वळली. “त्यांना तिथे येता येणार नाही, आजी,” बाई म्हणाली.

आडोशात पुठ्ठ्याच्या तीन भिंती आणि एक पेन. तिच्या खांद्यावरून कुणी बघत नव्हतं. एक गोल काळा करायला कितीसा वेळ लागतो? मागची माणसं चुळबुळायला लागली, तरी तिची पाठ हलली नाही. चेट दारापाशी हातात टोपी फिरवत राहिला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. चेटने गाडीचं दार उघडलं.

“दिलंस?”

“दिलं.”

“आपल्याच माणसाला ना?” त्याने सहज विचारलं. गावातल्या कुत्र्या-मांजरांनाही याचं उत्तर ठाऊक होतं. वर्षभर ते ती घसा ताणून सांगत आली होती.

“तुला काय करायचंय?” बर्नाडीनच्या तोंडून निघून गेलं, आणि ते ऐकून सगळ्यांत जास्त ती स्वतःच दचकली.