लाल फाक

"ती लाल फाक काढून टाक," साहेब म्हणाले.

जयानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. सत्त्याऐंशी सालातल्या अपघातांचं वर्तुळ होतं. मोठी पिवळी फाक कामगारांच्या चुकीची, निळी विजेची आणि सुपारीच्या खांडाएवढी लाल फाक यंत्रातल्या दोषाची. लाल फाकेत एकच अपघात होता. कटर नंबर तीन, पात्यापुढची लोखंडी जाळी नव्हती, काळूराम मयत.

काळूराम म्हणजे जयाचा बाप. त्याच्याच जागी तिला खोपोलीच्या या कागद गिरणीत घेतलं होतं. नोकरी अजून कच्ची होती.

"फाक नुसती पुसता येत नाही, साहेब. प्रोग्राम रकान्यातली कारणं मोजतो आणि त्याप्रमाणे वर्तुळ कापतो. कारण बदललं तरच फाक जाईल."

हा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. दोन बटणं दाबली की कॉम्प्युटर आपणच मोजायचा, कापायचा, रंग भरायचा. गिरणीत त्याचं कोण कौतुक! देवळात आल्यासारखी माणसं चपला बाहेर काढून बघायला यायची.

"मग कारण बदल. उद्या मुंबईचे पाहुणे हेच बघणार आहेत." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. सहीच तेवढी राहिलीय."

जयानं 'यंत्र' खोडलं, 'कामगार' लिहिलं आणि दोन बटणं दाबली. वर्तुळ पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. पिवळी फाक किंचित फुगली होती. लाल कुठंच नव्हती.

साहेबच जरा चपापले. "मला वाटलं, रडशील."

"नाही," जया म्हणाली. तिला खरंच काही वाटत नव्हतं.

साहेब गेले. फरशी पुसणाऱ्या भागीनं सगळं ऐकलं होतं. फडकं बादलीत आपटून ती म्हणाली, "देवमानूस व्हता तुजा बाप. मेल्यावर त्याच्याच डोक्यावर खापर फोडलंस? नोकरीपायी?"

जयानं कॉम्प्युटरवर कापड घातलं, बाहेर येऊन चपला घातल्या आणि खालापूरची एसटी धरली.

घरी येसूबाई दारातच बसली होती. "काय बोलला गं सायेब?"

"कायम करणार, आई."

येसूबाईनं पदर डोळ्यांना लावला. पोरीची नोकरी पक्की झाली याचं सुख होतं, पण सुखात तिला नवराच आठवायचा. मग ती रोजचंच बोलली. "ती जाळी जागंवर आसती तर माजा मानूस आज हाय आसता. कुना मेल्यानं न्हेली आसंल? वाटोळं व्हईल त्याचं."

"असं बोलू नये, आई."

"का बोलू नाय? तुला कायच कसं वाटत नाय गं?" ती पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा, बोंबील आत घे. मांजर टपलंय."

जया अंगणात गेली. वाळत घातलेल्या बोंबलांवर लोखंडी जाळी होती. मांजर बोंबील पळवतं म्हणून येसूबाई सारखी कटकट करायची, तेव्हा काळूरामनं ती सायकलला बांधून आणली होती. येसूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं.

जयानं जाळी उचलली आणि 'कटर नंबर ३' ही पांढरी अक्षरं, रोजच्यासारखीच, भिंतीकडे करून ठेवली.