आत थांबणारी गोळी

"ही मऊ, शिशाची." जेल्योने पहिलं काडतूस टेबलावर उभं केलं. "हरणाला ठीक. रानडुकराच्या खांद्यावर मात्र तिचे तुकडे होतात. मग ते डुक्कर तुझ्याच अंगावर येतं."

राडकाने चहाचे पेले बाजूला सारले. आज तिची पहिलीच शिकार. थोड्या वेळात रोडोपी डोंगराच्या उतारावर रान उठवणारा हाका सुरू होणार होता. लग्नाला दोन वर्षं झाली, पण इतक्या मायेनं तो तिला कधी काही शिकवत बसला नव्हता.

"ही सगळी तांब्याची. डुकराच्या आरपार जाते. पण हरणातून सुईसारखी निघते, आणि ते बिचारं दिवसभर रक्त गाळत पळतं."

"मग दोघांनाही चालेल अशी?"

"ही." तिसरं काडतूस त्याने तिच्या तळहातावर ठेवलं. "हरीण जागच्या जागी आडवं. डुकराचं हाड फोडते आणि आतच थांबते. पलीकडच्या झुडपात आपला माणूस असला तरी घोर नाही. बारा वर्षं मी दुसरी वापरली नाही. एकदाही बाहेर आली नाही."

"एकदाही?"

"अगं, एकदाही नाही!"

राडकाची मूठ मिटली. तिचा पहिला नवरा पेन्चो चार वर्षांपूर्वी अशाच हाक्यात मेला. गोळी जेल्योची होती. डुकराच्या आरपार जाऊन ती पेन्चोला लागली, असं त्याने कोर्टात शपथेवर सांगितलं, आणि तो सुटला. प्रेतापुढे तो इतका रडला, की तिनेच त्याला पाणी पाजलं. पुढे त्याच्याशी लग्नही केलं.

"मग पेन्चोपर्यंत ती कशी पोचली, जेल्यो?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच. मग तो हसला.

"चार वर्षं लागली होय गं तुला?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. शिकारी टोळीचा म्होरक्या जेल्योच; कोणी कुठं उभं राहायचं तेही तोच सांगे. त्याने बंदूक खांद्याला अडकवली. मग तिचा कोट काढून आणला आणि तिला बाह्यांत हात घालता यावेत म्हणून स्वतः धरून उभा राहिला.

"चल, राडके. पेन्चो उभा होता ना, आज तिथंच तुला उभं करतो."