चावलेली चकती

सासूबाईंचा यंत्रांवर काडीचा विश्वास नव्हता. "यंत्राला चव कुठे कळते?" म्हणायच्या. काकडी चिरताना पहिली चकती स्वतः चावून बघायच्या आणि मग सुनेला सांगायच्या, "गोड आहे गं, घाल."

त्या गेल्या आणि महिन्याभरात घरात फूड प्रोसेसर आला.

पहिल्याच दिवशी सुनेने झाकण काढलं, तर चकत्यांच्या ढिगात एक चकती चावलेली. चाव्याच्या मधोमध एक बारीक टोक तसंच राहिलेलं. सासूबाईंचा पुढचा एक दात पडलेला होता.

तिची पाचावर धारण बसली. नवरा म्हणाला, "अगं, पातं नीट बसलं नसेल."

पातं नीट बसवलं, बदललंसुद्धा. तरी दर काकडीमागे एक चकती चावलेली निघायचीच.

आज दुपारी मात्र तिने सगळ्या चकत्या ताटात मांडून पाहिल्या. एकीलाही दात लागलेला नव्हता. तिने दुसरी काकडी घातली, तिसरी घातली. सगळ्या चकत्या कशा अखंड, गोल गरगरीत!

"सुटले बाई एकदाची!" ती मोठ्याने हसली. कित्येक दिवसांनी तिला काकडी खावीशी वाटली. तिने एक चकती उचलली आणि मजेत चावा घेतला.

"गोड आहे गं, घाल," ती सहज बोलून गेली.

स्वयंपाकघरात दुसरं कोणीच नव्हतं.

तिने हातातल्या चकतीकडे पाहिलं. चाव्याच्या मधोमध एक बारीक टोक उरलं होतं.

तिने दातांवरून जीभ फिरवली. सगळे दात जागच्या जागी होते.