नावेची तहान
छत्तीस साली गोदावरीवर नाव चालवणाऱ्या नजीरचा एकच नियम होता. नावेत बुडण्याचं नाव काढायचं नाही. माणसं घाबरून उभी राहिली की नाव उलटते. फळी फुटली तर घरच्यांनी "तहान लागली" एवढंच म्हणायचं. त्या दिवशी सतरा माणसं होती. भर धारेत मागे बसलेल्या नव्या सुनेच्या, सकीनाच्या, पायाखालची फळी तडकली. तिने भेगेवर टाच दाबून धरली. सासऱ्यापुढे ती आजवर बोलली नव्हती. "अब्बा, तहान लागली." नजीर जोरात वल्हवू लागला. "एवढ्या पाण्यात बसून तहान?" लोक हसले. शेजारच्या फुलाबाईने तांब्या पुढे केला. लुगड्याआड पाणी घोट्याला टेकलं, तरी सकीना हसून प्यायली. काठाला सगळे उतरल्यावर फुलाबाईने विचारलं, "भागली का गं तहान?" "माझी भागली," म्हणत सकीनाने टाच उचलली. नाव घटाघटा प्यायला लागली.