तुळशीचं सत्त्व

हॉस्पिटलमधून घरी येताच सासऱ्यांनी स्क्रॅबलचा पट मागितला. आप्पा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कोरफडीतलं ‘अलोइन’, नाहीतर ‘क्वॉथ’सारखे आता कुणीच वापरत नाही असे जुने इंग्रजी शब्द लावून ते मला दहा वर्षं हरवत आलेत. मीही डिक्शनरीत बघितल्याशिवाय एक शब्द सोडत नाही.

त्यांनी सहा इंग्रजी अक्षरं लावली. ‘तुळसिन’.

“तुळशीचं सत्त्व,” ते म्हणाले.

डिक्शनरीत तो शब्द नव्हता. “आहे हो, आप्पा,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. “आत्ता बनवलाय मी तो. तू चालवून घेतलास, म्हणजे डॉक्टर तुला काहीतरी बोललेत.”

मी त्यांची सहाही अक्षरं उचलून त्यांच्यापुढे आपटली. “टर्न गेली तुमची. लबाडी चालणार नाही.”

“आत्ता कसं!” म्हणत आप्पा ताठ बसले.