रताळ्याचं खरं नाव

खोआ विद्यापीठाच्या विमा कचेरीतून बाहेर आला तो मान हलवतच. गाडीचं दार उघडून झटकन आत बसला, तरी वारा शिरायचा तो शिरलाच.

"दार!" मागच्या सीटवरून त्याची आई ओरडली आणि तिनं सुनेच्या अंगावर शाल ओढली. ल्येनच्या कानांत कापसाचे बोळे होते, डोक्यावर दोन टोप्या, पायांत मोज्यांवर मोजे. सासूसुनेच्या मध्ये, पट्ट्यांनी बांधलेल्या छोट्या सीटमध्ये, महिन्याची मुलगी झोपली होती.

"माझी सही चालत नाही," खोआ म्हणाला. "विद्यार्थिनी तू, विमा तुझ्या नावावर. त्यांना तूच समोर हवीस."

"मग जाते ना." ल्येननं पट्ट्याला हात घातला.

सासूनं तो हात धरला. "बाळंतिणीचे शंभर दिवस झालेत का? ह्याच्या वेळी मी दहाव्या दिवशी कालव्यावर पाण्याला गेले. अजून वारा सुटला की कपाळ ठणकतं. तुझं ठणकेल तेव्हा शेकायला मी असणार आहे का?"

"मा, आजचा शेवटचा दिवस आहे," ल्येन म्हणाली.

हे सकाळपासून कितीदा तरी सांगून झालं होतं. बाळंतपणाचं सगळं विम्यानं भरलं होतं, बाळाच्या काविळीचंसुद्धा. दूध आईचं तसा विमाही आईचाच, असं घरात सगळे धरून चालले होते. आज सकाळी इस्पितळातून फोन आला: सोमवारी मुलीच्या हृदयाची तपासणी आहे, तिचा विमा नंबर सांगा. तेव्हा कुठे ल्येननं माहितीपत्रक नीट वाचलं. पहिले एकतीस दिवस बाळ आईच्या विम्यात. तेवढ्यात त्याचं वेगळं नाव घातलं नाही, तर पुढे वर्षभर नाही. आज एकतिसावा.

डॉक्टरीणबाईंना त्या एवढ्याशा छातीत एक जादाचा आवाज ऐकू आला होता. बहुतेक काही नसेल, असं त्या म्हणाल्या होत्या. ल्येनच्या डोक्यात त्यातलं 'बहुतेक' तेवढं राहिलं होतं.

"मी पुन्हा विचारतो," म्हणत खोआ गेला. गाडी म्हणजे घरच, हीटर चालू ठेवू, असं पटवून त्यानं आईला इथवर आणलं होतं. त्यापुढे त्याचीही मजल नव्हती. ल्येन कचेरीच्या दाराकडे टक लावून बसली आणि सासू ल्येनच्या हाताकडे.

दार उघडलं. अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये एक दणकट बाई बाहेर आली, हातात कागद लावलेली पाटी. मागून खोआ स्वतःचा कोट तिच्यापुढे धरत पळत होता. ती घेत नव्हती. आयोवातला गोठवणारा फेब्रुवारी होता.

"अगंबाई," सासू म्हणाली, "हिला घरी कुणी बोलणारं नाही का?"

बाईनं काचेवर टकटक केलं. "मी डोरीन. तुझा नवरा म्हणतो, तू खाली उतरलीस तर सासू पोलीस बोलावेल."

ल्येननं एका कानातला बोळा काढला. "पोलिसांची गरज नाही. त्या एकट्या पुरतात."

डोरीन हसली. "ओळखपत्र दाखव."

ल्येननं ते काचेला चिकटवलं. डोरीननं फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावर थोपटलं. टोपी काढ.

"एकच," सासू म्हणाली.

एक टोपी निघाली. तेवढ्यावर भागलं.

"आता मुलीचं पूर्ण नाव. तुझ्याकडूनच हवं."

ल्येननं सासूकडे पाहिलं. घरी मुलीला रताळं म्हणायचे. चांगलं नाव उघड्यावर मोठ्यानं घेतलं तर नको त्यांच्या कानी जातं, असं सासूचं म्हणणं. ल्येन एम.एस्सी. झालेली. ती आधी यावर हसायची. छातीतल्या आवाजाचं कळल्यापासून हसत नव्हती.

"नाव, राणी." डोरीनचे दात वाजायला लागले होते. "नुसतं बेबी चालायचं नाही."

श्वासांनी काच धुरकट झाली होती. ल्येननं त्यावर बोट टेकलं आणि लिहिलं: आन न्हिएन. बाहेरून अक्षरं उलटी दिसत होती. डोरीननं मान वाकडी करून ती एकेक उतरवून घेतली, खोआच्या हातातल्या जन्मदाखल्याशी ताडून पाहिली आणि अंगठा वर केला. त्याच क्षणी सासूनं बाहीनं काच पुसून टाकली.

सहीसाठी काच खाली घ्यावीच लागली. पाटी आत येईल एवढीच फट. सासूनं फटीपुढे आपलं अख्खं अंग आडवं घातलं आणि ल्येननं तिच्या काखेखालून सही केली.

"झालं," डोरीन फटीतून म्हणाली. "आत गेले की लगेच नाव चढवते. जन्मल्या दिवसापासून धरतात. सोमवारी खुशाल घेऊन जा तिला."

"नक्की?"

"अगं, मी इथे गोठून चाललेय. नक्की नसतं तर आले असते का?"

काच वर गेली. डोरीन दंड चोळत पळाली. खोआ पुढे येऊन बसला. मुलगी झोपेतच ओठ चोखत होती.

ल्येनला रडू आवरेना. तिनं तोंडावर हात घेतला. ओल्या बाळंतिणीनं रडलं की डोळे जातात, म्हणून गेला महिनाभर ती न्हाणीघरातसुद्धा रडली नव्हती.

सासूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग शालीचं टोक उचललं आणि तिच्या चेहऱ्यापुढे पडद्यासारखं धरलं.

"रडून घे," ती म्हणाली. "पण पटकन."